पावसात बागेला पाणी

देवळाली कॅम्पात मला शून्य मार्क पडले आणि त्या शून्यावर मी पास झालो.

जुलै 2014. एका कोर्ससाठी देशभरातून आलेले आम्ही चाळीसेक जण एका हॉलमध्ये बसलो होतो. कुठला हॉल ते राहू द्या. बाहेर पाऊस, आत ओल्या बुटांचा वास. प्रत्येकाला एकेक कागद वाटला. वर नंबर, रँक, नाव, युनिट. खाली हिंदीत 9 प्रश्न. गेल्या 2 आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कामात रस वाटतो का, असे. उत्तराचे चार रकाने : अजिबात नाही म्हणजे 0, काही दिवस म्हणजे 1, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे 2, जवळजवळ रोज म्हणजे 3. माझ्या शेजारी बिहारचा एक पोरगा होता, नुकताच लान्स नायक झालेला. त्याने माझ्या कागदात डोकावून हळूच विचारलं, "उस्ताद, तीसरे में क्या लिखा?" म्हटलं, "झीरो." त्याने झीरो लिहिला. मागच्याने त्याचं बघून लिहिला. दहा मिनिटांत अख्खी रांग ठणठणीत झाली.

यात कुणी लबाड नव्हतं. फौजेत प्रत्येकाची मेडिकल कॅटेगरी असते, तिला 'शेप' म्हणतात. पाच इंग्रजी अक्षरं. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे बाकीचं शरीर, ई म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी 1 असला की माणूस 'शेप-वन', म्हणजे कुठेही पाठवायला मोकळा. गुडघा बिघडून 'ए' खाली आला तर मेसमध्ये लोक विचारतात, "अब कैसा है?" 'एस' खाली आला की विचारायचे बंद होतात. कॅटेगरी गेली की प्रमोशन अडतं, हे तर रंगरुटालाही माहीत असतं. अशा वेळी ज्या कागदावर वरच नंबर आणि नाव आहे, तिथे कोण 2 आणि 3 लिहील?

माझं खरं काय होतं ते सांगायला सहा महिने मागे जावं लागेल.

मी तोफखान्यातला रेडिओ ऑपरेटर. जानेवारी 2014 मध्ये आमची ओपी पार्टी सियाचीन ग्लेशियरवर चढली. तोफा खाली असतात आणि त्यांचे डोळे वर पोस्टवर, पायदळाच्या जवानांबरोबर. ते डोळे म्हणजे ओपी. चढण्याआधी हवेची सवय करून घेतात : 9 ते 12 हजार फुटांवर 6 दिवस, 15 हजारांपर्यंत 4 दिवस, त्याच्या वर आणखी 4. आमची पोस्ट 18 हजारांच्या वर होती.

गावाकडे अजून लोक विचारतात, किती गोळ्या झाडल्या? नोव्हेंबर 2003 पासून तिथे शस्त्रसंधी आहे. मी शत्रूची एकही गोळी ऐकली नाही. तिथे माणूस मारतात बर्फ, थंडी आणि विरळ हवा. फायबरच्या झोपडीत आठ-दहा जण, मधे केरोसिनची बुखारी. तिच्या काजळीने थुंकीसुद्धा काळी. डोळा लागला की श्वास अडकतो आणि माणूस दचकून उठून बसतो, असं रात्रीतून कितीतरी वेळा. पण हे सगळ्यांचंच होतं, त्यामुळे त्याचं काही वाटायचं नाही. माझं बिघडलं ते फोनवर आणि सेटवर.

सॅटेलाइट फोनवर नंबर लागायचा, मोजून तीन मिनिटं. मार्चमध्ये आमच्याकडे निफाड तालुक्यात गारपीट झाली. त्या वर्षीची गारपीट नाशिकचा कुठलाही द्राक्षवाला विसरायचा नाही. मी फोन केला तर ही म्हणते, "सगळं ठीक आहे. बाग छान आहे. तुम्ही जेवता ना नीट?" मी म्हटलं, "इकडे मस्त आहे, थंडी आहे जरा." झालं. पोस्टवर सिन्नरचा एक जण होता, त्याचा नंबर माझ्यानंतर. फोन ठेवून तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुमच्याकडं तर चिखल झालाय म्हणं द्राक्षांचा." म्हणजे तिने मला शून्य सांगितलं होतं आणि मी तिला. देवळालीचा कागद नंतर आला, सराव आमचा आधीच झालेला.

पोस्टवरची मुदत 90 दिवसांची. ती संपली आणि हवा बिघडली. पुढचे 19 दिवस रिलीफ, म्हणजे आमच्या जागी येणारी पार्टी, आली नाही. रोज सकाळी पिट्ठू बांधायचा, दुपारी सोडायचा. खालून सेटवर यायचं, 'मौसम खराब'. हा निरोप पहिल्यांदा माझ्या कानात पडायचा, म्हणून हेडफोन चढवला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. पहिल्या आठवड्यात माझ्या चेहऱ्यावरून त्यांना आधीच कळायचं आणि झोपडीत एकदम शांतता पसरायची. ती शांतता नको म्हणून मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. निरोप चांगला असो की वाईट, चेहरा तोच. ही सवय खाली आल्यावरही गेली नाही.

देवळालीत तेव्हा लॅम रोडवरच्या एका हॉटेलात एक म्हातारे गृहस्थ चहाला यायचे, कॅम्पातल्या कुठल्याशा ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी मला एक गंमत सांगितली. गंमत म्हणूनच. इंग्रजांनी 1861 मध्ये देवळालीला ट्रान्झिट कॅम्प काढला. नोकरी संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जायला इथे यायचे आणि मुंबईहून जहाज सुटायची वाट बघत बसायचे. जहाजं सुटायची नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तो नोव्हेंबरपर्यंत इथेच. काम नाही, ऊन, बाजार, दारू. कितीतरी जणांची डोकी फिरायची. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत एखाद्याला डूलॅली म्हटलं की तो चक्रम. मला वाटलं म्हातारा थापा मारतोय. नंतर डिक्शनरीत बघितलं तर आमच्या देवळालीचं नाव खरोखर असं जाऊन बसलंय. लढाई उरकलेली, घर समोर, मधे नुसतं वाट बघणं. मला माझे 19 दिवस आठवले आणि चहा तसाच ठेवून मी उठलो.

तरी मला काही झालंय असं मला वाटत नव्हतं. मे महिन्यात मी सुट्टीवर घरी होतो. खरड छाटणी झालेली, बागेला पाणी हवं आणि शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या लाईटला उठायचा सगळ्यांनाच कंटाळा. मी म्हटलं, रात्रीचं पाणी माझ्याकडे. मोठा भाऊ खूश, फौजी घरी आला तर कामाला लागला. मी मोटर चालू करायचो, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचो आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचो. तिथे कुणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं.

देवळालीच्या कोर्सला आलो तेव्हा गाव जवळ असल्याने रविवारचा आऊटपास मिळायचा. कागद भरला त्याच आठवड्यातली गोष्ट. शनिवारी रात्री घरी मुक्काम, बाहेर भुरभूर पाऊस. एक वाजता मी टॉर्च घेऊन निघालो. ही दारात उभी.

"कुठं निघालात?"

"बागेला पाणी द्यायला."

"अहो, पाऊस पडतोय."

मी बूट घालत होतो. एक बूट घातलेला, एक हातात. दुसरा घालावा की नको तेच कळेना.

मग तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. आमच्याकडे दुधाचा हिशेब त्याच्यावरच असतो. मे महिन्याचं पान उलटलं. दुधाच्या आकड्यांशेजारी, तारखेच्या चौकटीत कोपऱ्यात, निळ्या पेनाची बारीक टिंबं. "दिवसा लाईट होती त्या आठवड्यातही तुम्ही रात्री बागेतच होता. ज्या रात्री अंथरुणात नव्हता त्या रात्रीला टिंब." एकूण 22 टिंबं होती. 31 पैकी. हा कागद मी भरलेला नव्हता, त्यामुळे त्यावर शून्य नव्हता.

पुढच्या रविवारी ती मला नाशकात एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. पत्ता तिने आधीच काढून ठेवला होता, किती आधी ते मी विचारलं नाही. बाईंनी ड्रॉवरमधून कागद काढला तर तेच 9 प्रश्न. मला हसू आलं. म्हटलं, "मॅडम, हा पेपर मी दिलाय. शून्य मार्क." त्या म्हणाल्या, "यावर नाव लिहायचं नाही. मी विचारते, तुम्ही बोला." हिला त्यांनी बाहेर बसवलं.

मराठीत विचारल्यावर प्रश्न वेगळेच वाटायला लागले. 'कामात रस' विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, काम मी चोख करत होतो. बाईंनी विचारलं, "पूर्वी जे आवडीनं करायचात ते आता करावंसं वाटतं का?" मी ढोलकी वाजवायचो. सुट्टीत तिच्यावरची धूळही झटकली नव्हती. तिथे 2. झोपेला 3. नववा प्रश्न असा असतो : मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार येतात का? हा त्यांनी बाकीच्या आठांसारखाच, त्याच आवाजात विचारला. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "काही दिवस." त्यांनी पेन खाली ठेवलं. काही ठरवलंय का, कधी प्रयत्न केलाय का, हत्यार हाताशी असतं का, हे एकेक करून विचारलं. त्या दिवसापर्यंत हे मी मनातसुद्धा वाक्यात बोललो नव्हतो.

बेरीज 14 झाली. 27 पैकी. 5 पासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून मध्यम ते तीव्र आणि 20 पासून तीव्र, असा तो हिशेब. बाई म्हणाल्या, हा थर्मामीटर आहे. ताप आहे एवढं सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही. आणि हेही सांगितलं की पोस्टवर असताना हा कागद भरला असता तर झोप, भूक आणि थकवा या तीन प्रश्नांना विरळ हवेनेच मार्क दिले असते. म्हणजे वर भरला तर आकडा फुगतो आणि खाली नाव लिहून भरला तर आटतो. मग मोजायचं कुठे? त्या म्हणाल्या, "एकदा मोजून भागत नाही. आणि घरच्यांना विचारायचं."

शून्य ते 14 हे अंतर दोन आठवड्यांचंही नव्हतं. परत जाताना बसमध्ये मला तो बिहारचा पोरगा आठवला. माझं बघून लिहिलेला त्याचा शून्य खरा होता की नाही, ते मला कधीच कळलं नाही. ही एक गोष्ट मला अजून टोचते.

युनिटला परतलो आणि मेडिकल ऑफिसरना स्वतः जाऊन सांगितलं. पुढची वाट सरळ असते, फक्त लांब. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं तर कमांडिंग ऑफिसरचा रिपोर्ट लागतो, एएफएमएसएफ-10 नावाचा फॉर्म. माणूस ड्युटीत कसा, दारू पितो का, इतरांशी वागतो कसा, असं सगळं त्यात. माझ्याबद्दल लिहिलं होतं : शांत, मेहनती, कधी तक्रार नाही. तज्ज्ञ मेजरसाहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कभी कोई शिकायत नहीं?" फॉर्म लिहिणाऱ्याची चूक नव्हती. मी कोरा चेहरा इतका छान शिकलो होतो.

काही दिवस वॉर्डमध्ये, मग गोळ्या. पहिले तीन आठवडे गोळ्यांनी फक्त तोंड कोरडं पडलं, मग झोप यायला लागली. 'एस-3', तात्पुरती, 24 आठवडे. पहाऱ्याच्या ड्युटीतून काढलं, स्टोअरमध्ये बसवलं. प्रमोशनची एक यादी माझ्यावाचून निघाली. 24 आठवड्यांनी मेडिकल बोर्ड, मग एस-2, आणखी फेऱ्या, मग एस-1. लिहायला दोन ओळी लागल्या, त्यातून जायला दीड वर्ष. मेसमधलं विचारणं बंद झालं होतं ते काही जणांचं परत सुरू झालं, काहींचं नाही.

2020 मध्ये मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. मध्यंतरी मानसशास्त्रात एमए करणारी एक मुलगी आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे आली. प्रबंधासाठी तिला तैनातीतला ताण मोजायचा होता. नोकरीत असलेल्यांना लष्कराच्या परवानगीशिवाय असं विचारता येत नाही, म्हणून निवृत्त झालेले आणि त्यांच्या बायका. तिला घरं दाखवायला माणूस हवा होता. मी गेलो.

तिचा जाडजूड गठ्ठा बघून मी हबकलोच. पीटीएसडीचे, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेल्या आघाताचे, 20 प्रश्न, तैनातीचे अनुभव, दारूचे 10. अनुभवांच्या यादीत गोळीबार झाला का, प्रेतं बघितली का, स्फोट झाला का. त्यात माझं स्वतःचं उत्तर सगळीकडे 'नाही' आलं असतं. म्हटलं, "पोरी, यात रिलीफ वेळेवर न येणं कुठं आहे? बांधाचं भांडण कुठं आहे?" तिने पानं उलटून दाखवलं, घरची काळजी, वरिष्ठांचा आधार, परतल्यावरचं स्वागत, यांचे वेगळे भाग होते. पण ते शेवटी. तिथवर पोचेपर्यंत माणूस कंटाळून सरसकट टिक मारतो. आम्ही ते भाग पुढे घेतले. तिने आधी तिच्या सरांना विचारलं, मग घेतले.

शब्दांचा घोळ तर विचारू नका. तिच्या कागदावर होतं 'आपल्याला उदास किंवा हताश वाटते का?' ओझरकडचा एक सुभेदार उखडलाच, "उदास व्हायला मी काय बाई आहे?" त्याच माणसाला मी विचारलं, "साहेब, मन लागतं का घरात?" तर तो पाऊण तास बोलला. पोरीने 'मन लागत नाही' वहीत लिहून घेतलं. दारूच्या फॉर्मचीही तीच तऱ्हा. तिथे एक ड्रिंक म्हणजे साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. आमचा लार्ज पेग 60 मिलीचा, म्हणजे तो एक पेग त्यांच्या हिशेबात दोन होतो. 'रोज दोनच' म्हणणारा माणूस खरा चारावर असतो, आणि तो खोटं बोलत नसतो. आणि दहा वर्षांपूर्वीच्या तैनातीत कसं वाटत होतं, हे आज विचारून काय मोजलं जातं? आठवणच ना? हा वाद आमचा अजून मिटलेला नाही.

तिनेच मला एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत लढाईवरून परतलेल्या एका ब्रिगेडला नेहमीच्या तपासणीत हे प्रश्न विचारले आणि त्यातल्याच लोकांना पुन्हा निनावी विचारले. 2011 मध्ये छापून आलेला अभ्यास. निनावी कागदावर नैराश्य आणि पीटीएसडी दुप्पट ते चौपट निघालं. मी म्हटलं, ब्रिगेड कशाला, आमची एक रांग घ्यायची होती. इंग्लंडात अफगाणिस्तानहून परतलेल्यांची प्रश्नावली घेऊन, उत्तरांप्रमाणे सल्ला देऊन बघितला. 2017 मध्ये निकाल आला, ज्यांना सल्ला दिला आणि ज्यांना नाही, दोघांत फरक पडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. पण म्हणून कागदच नको, असंही मला म्हणवत नाही. माझे 14 त्याच कागदावर निघाले होते. समोर माणूस बसला होता एवढंच.

आता टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा, 14416 नंबर आहे, आणि 1 डिसेंबर 2023 ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजेसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. नंबर मी खिशात चिठ्ठ्यांवर लिहून ठेवतो. नवव्या प्रश्नाला कुणी शून्याच्या वर उत्तर दिलं की आम्ही त्या दिवशी पुढच्या घरी जात नाही. तिथेच बसतो, त्याच्या घरचं कुणी येईपर्यंत, आणि फोन त्याच्यासमोर लावतो.

शेवटचं घर आमचंच होतं. बायकांसाठी 12 प्रश्नांचा वेगळा कागद होता. पोरीने तो हिच्यापुढे ठेवला. हिने चष्मा लावला, पहिला प्रश्न वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा." मी विहिरीवर जाऊन कठड्यावर बसलो. दिवसाची लाईट होती, मोटर चालू होती. 12 प्रश्नांना किती वेळ लागतो ते मला आता पाठ आहे. त्याच्या तिप्पट वेळ लागला. पोरगी बाहेर आली तेव्हा लिफाफा बंद होता आणि वर फक्त एक आकडा होता, नाव नव्हतं.

मी तिला काही विचारलं नाही. घरात गेलो तर हिने चहा टाकला होता.